कथाकथनाची हस्तनिर्मित साधने

लहान मुलांना गोष्ट सांगताना, किंवा मुलांनी स्वतः खेळातून गोष्ट उभी करताना, जी वस्तू पात्राचे, स्थळाचे अथवा प्रसंगाचे काम करते, तिला कथासाधन म्हणता येईल. चिंध्यांची बाहुली, मातीचा बैल, काठीचा घोडा, बोटांवर चढवावयाच्या कागदी बाहुल्या, मुखवटे, चित्रपट्ट्या, सावलीच्या खेळासाठी कापलेल्या आकृती आणि प्रसंगी नुसते चिंचोके व दगडगोटे यांचाही या साधनांत समावेश होतो. खेळणे आणि कथासाधन यांच्यातील सीमारेषा पुसट आहे. भोवरा फिरविण्यासाठी व चेंडू फेकण्यासाठी असतो. त्यांना गोष्टीची गरज नसते. बाहुली मात्र कोणाची तरी आई, लेक किंवा नवरी झाल्याखेरीज खेळात उतरत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हाताने केलेल्या साधनांचा व विशेषतः महाराष्ट्रातील त्यांच्या इतिहासाचा विचार केला आहे. या इतिहासात दोन धारा स्पष्ट दिसतात. पहिली व्यावसायिक कलावंतांची. तीत साधन मोठ्यांच्या हाती असते आणि मूल प्रेक्षक असते. दुसरी घराची व अंगणाची. तीत मूल स्वतःच साधन घडविते. विसाव्या शतकातील बालवाडीने या दोन धारा एकत्र आणल्या. साधन किती स्वस्तात व किती जवळच्या वस्तूंपासून करता येते, या प्रश्नावर बालशिक्षण कोणत्या मुलांपर्यंत पोहोचणार हे अवलंबून होते. त्यामुळे वरकरणी क्षुल्लक भासणाऱ्या या विषयाला शिक्षणाच्या इतिहासात महत्त्व प्राप्त झाले.

प्राचीन उल्लेख : सिंधू संस्कृतीच्या मोहें-जो-दडो, हडप्पा इ. स्थळी भाजलेल्या मातीच्या गाड्या, मान हलविणारे पशू व शिट्ट्या सापडल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा वस्तू मुलांच्या खेळण्यासाठी केलेल्या असाव्यात, असे मानले जाते. तथापि मातीची प्रत्येक लहान मूर्ती म्हणजे खेळणे नव्हे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव (ता. शिरूर) येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात (१९६८–८३) कच्च्या मातीची शिरोहीन स्त्रीमूर्ती व बैल सापडले, काडीच्या साहाय्याने ही मूर्ती बैलाच्या पाठीवर बसविता येईल, अशी छिद्रे दोहोंना होती. या वस्तू खेळण्यांसारख्या दिसत असल्या, तरी त्या मातीच्या पात्रात ठेवून घराच्या जमिनीखाली पुरलेल्या असल्यामुळे त्या धार्मिक विधीच्या समजल्या जातात. काडी, छिद्र व माती यांनी दोन आकृती जोडून एक दृश्य उभे करण्याची युक्ती मात्र या प्रदेशाला सु. तीन हजार वर्षांपूर्वीच अवगत होती, एवढे त्यावरून म्हणता येते.

संस्कृत वाङ्मयात या विषयाशी निगडित असे काही लक्षणीय उल्लेख येतात. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकाच्या सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपली मातीची गाडी नको म्हणून रडतो आणि वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत घालून त्याची समजूत काढते. नाटकाचे नावच या हस्तनिर्मित खेळण्यावरून पडले आहे. पतंजलीच्या महाभाष्यात (इ. स. पू. दुसरे शतक) कंसवधाची कथा प्रत्यक्ष अभिनयाने, चित्रांच्या साहाय्याने व शब्दांनी सांगणाऱ्यांचा निर्देश आढळतो. बाणभट्टाच्या हर्षचरितात (सातवे शतक) बाजारपेठेच्या रस्त्यात यमपट दाखविणाऱ्याचे वर्णन आहे. डाव्या हातात उभा धरलेला चित्रपट व दुसऱ्या हातात चित्रावर रोखलेली बोरूची काडी अशी त्याची मुद्रा असून, त्याच्याभोवती कुतूहलाने जमलेली मुले बाणाने आवर्जून नोंदविली आहेत. चित्र, काडी, सांगणारा आणि मुलांचा घोळका हे चित्रकथनाचे चारही घटक येथे एकत्र आढळतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्यास ‘चित्रकथक’ म्हटले आहे. ज्ञानेश्वरीत सूत्राने नाचविल्या जाणाऱ्या बाहुल्यांचा दृष्टांत येतो. श्रोत्यांना दृष्टांत तत्काळ कळावा यासाठी तो परिचयाच्या वस्तूचा असावा लागतो, हे ध्यानात घेता अशा बाहुल्यांचा खेळ तत्कालीन महाराष्ट्रात सर्वपरिचित असावा.

व्यावसायिक कलावंतांची परंपरा : या परंपरेचा सर्वांत समृद्ध अवशेष सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी (ता. कुडाळ) येथे आढळतो. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ असे तीन प्रकार पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. सावंतवाडी संस्थानच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. चित्रकथीची चित्रे हातकागदावर रंगविलेली असून दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. सूत्रधार एकेक चित्र पुढे मांडून रामायण-महाभारतातील व स्थानिक आख्याने गातो; साथीला वीणा, टाळ व हुडुक ही वाद्ये असतात. छायाखेळात पारदर्शक केलेल्या चामड्याच्या आकृती पांढऱ्या पडद्यामागे दिव्याच्या उजेडात नाचवितात. चित्रकथीची दुसरी एक शैली पैठणच्या नावाने ओळखली जाते व तिचे नमुने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जतन केलेले आहेत.

हे खेळ मुख्यतः देवळांतून, धार्मिक प्रसंगी व सर्व वयाच्या श्रोत्यांसाठी होत. मुले त्यांचा सर्वांत उत्सुक प्रेक्षकवर्ग असली, तरी पोथीतील चित्राला किंवा बाहुलीला हात लावण्याची मुभा त्यांना नसे. साधन हेच कलावंताचे उपजीविकेचे भांडवल असल्यामुळे ते स्वाभाविकच होते. संस्थानचे विलीनीकरण (१९४८) व त्यानंतर वाढलेली करमणुकीची अन्य साधने यांमुळे ही परंपरा क्षीण झाली. ती टिकविण्यासाठी झटणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

या संदर्भात जपानमधील ‘कामिशिबाई’ या प्रकाराशी तुलना उद्‌बोधक ठरते. १९३० च्या सुमारास जपानी शहरांतून मिठाई विकणारे फेरीवाले लाकडी चौकटीत चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवून मुलांना गोष्टी सांगत. त्याच दशकात तेथील शिक्षकांनी व प्रकाशकांनी हा प्रकार बालोद्याने व शाळांसाठी स्वीकारला आणि रस्त्यावरील खेळ मागे पडल्यावरही तो शिक्षणात टिकून राहिला. चित्रकथीचे तत्त्व याहून वेगळे नाही. मात्र तिला अशी वाट मिळाली नाही. देवळाच्या मंडपातून ती थेट संग्रहालयात गेली. मराठी बालवाडीत चित्रपट्टी आली ती बहुतांशी स्वतंत्रपणे. पिंगुळीच्या कलावंतांशी तिचा संबंध फारसा जुळला नाही.

घरगुती व ग्रामीण साधने : दुसरी धारा अधिक जुनी व अधिक व्यापक असली, तरी तिच्या नोंदी तुटपुंज्या आहेत. मराठी घरांतील भातुकली हा या धारेचा ठळक आविष्कार होय. लहान आकाराची भांडी, चूल, जाते, पाटा-वरवंटा यांच्या साहाय्याने मुली संसाराची गोष्ट रचीत. संपन्न घरांत ही भांडी पितळेची किंवा लाकडाची असत. इतरत्र बोळकी, नारळाच्या करवंट्या व संक्रांतीनंतर रिकामी झालेली सुगडी तेच काम करीत. लाकडाची रंगविलेली ‘ठकी’ आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली या भातुकलीच्या नायिका. बाहुला-बाहुलीच्या लग्नात याद्या, मानपान, रुसवेफुगवे व पाठवणी या साऱ्यांची उजळणी होई. मोठ्यांच्या जगाची ही गोष्ट मुली स्वतःच रचीत आणि तीत सोयीप्रमाणे फेरफारही करीत.

दिवाळीत मातीचा किल्ला करण्याची महाराष्ट्रातील प्रथा हेही एक सामुदायिक कथासाधनच आहे. दगड-विटांच्या राशीवर ओले पोते पसरून त्यावर चिखल लिंपतात, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवितात व पायऱ्या, बुरूज, विहीर आणि पायथ्याचे गाव रचतात. कुंभाराने साच्यातून काढलेले मावळे त्यावर उभे करून माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराजांची मूर्ती बसवितात. चित्रे विकत आणलेली असली, तरी पहारा कोठे व चोरवाट कोठे, हे मुलेच ठरवितात आणि किल्ला पाहावयास आलेल्यांना त्याचा इतिहास सांगतात.

ग्रामीण भागात साधनाचे स्वरूप जमीन व पीक यांवर अवलंबून असते. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहेत. हा प्रदेश पर्जन्यछायेतील असून जिरायत भागात ज्वारी हे प्रमुख पीक, तर नीरा डावा कालवा व नद्यांकाठच्या बागायतीत ऊस, असे त्याचे दुहेरी रूप आहे. बारामती शहराला लागून असलेल्या व पुढे नगरपरिषदेच्या हद्दीत आलेल्या जळोचीसारख्या गावांच्या परिसरात हे दोन्ही प्रकार जवळजवळ नांदत आले. अशा गावांतील मुलांची पारंपरिक साधने शेतातूनच येत. ज्वारीचे वाळलेले ताट सोलून त्याची टणक साल व आतील हलके भेंड वेगळे करीत. भेंडाच्या तुकड्यांची चाके, साटी व जू होई. सालीच्या बारीक कामट्या टोचून हे भाग एकमेकांत अडकवीत. डिंक किंवा खिळा लागत नसे. बाभळीचा काटा आसाच्या टोकाला खुंटी म्हणून चाले. काळ्या चिकण मातीचे बैल करून ते बेंदूर किंवा पोळ्याच्या सणात पूजले जात आणि पूजेनंतर मुलांच्या गाडीला जुंपले जात. अशी गाडी एकदा जुंपली, की ती बाजाराला, जत्रेला किंवा कारखान्याला निघे आणि वाटेत तिच्या चाकाचा आस मोडणे, नदीला पूर येणे, गाडीवान झोपी जाणे असे प्रसंग मुले घडवून आणीत. साधन दोन-चार दिवसांत मोडे. परंतु नवे करणे हाही खेळाचाच भाग असे.

पाश्चात्त्य बालशिक्षण व साधनांचा प्रश्न : बालशिक्षणात वस्तू व चित्रे यांना स्थान देण्याचा विचार यूरोपात सतराव्या शतकापासून दिसतो. कोमेनिअसचे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने १८३७ मध्ये जर्मनीतील बाट ब्लांकेनबुर्ख येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व पुढे तिला ‘किंडरगार्टन’ (बालोद्यान) हे नाव दिले. चेंडू, ठोकळे इत्यादींचे त्याचे संच ‘देणग्या’ म्हणून प्रसिद्ध आहेत. गाणे, गोष्ट व हस्तव्यवसाय यांना त्याच्या पद्धतीत स्थान होते. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांची साधने इंद्रियशिक्षणासाठी काटेकोर मापांची व उत्तम कारागिरीची होती. लहान वयात अद्‌भुत कथांना फारसे स्थान देऊ नये, असे त्यांचे मत होते. ही पद्धती भारतात आली तेव्हा तिच्याबरोबर दोन प्रश्नही आले. पहिला, महागडी साधने कोणाला परवडणार. आणि दुसरा, ज्या देशात मूल गोष्टी ऐकतच वाढते, तेथे शाळेने गोष्ट दाराबाहेर ठेवावी काय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी दिले. त्यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. माँटेसरींचे साहित्य व शिस्त त्यांनी स्वीकारली. परंतु लोककथा, बालनाट्य व गाणी यांना बालमंदिराच्या दिनक्रमात मानाचे स्थान दिले. कथाकथनाच्या शास्त्रावरील त्यांचा गुजराती ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हा विचार मराठीत आणला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था उभी केली व मराठी शिक्षणपत्रिका या मासिकातून पालक व शिक्षकांचे प्रबोधन केले. तथापि बालमंदिराची वाट शहरी मध्यमवर्गापाशी थांबत होती व पहिला प्रश्न अनुत्तरितच होता.

बोर्डी व कोसबाड येथील प्रयोग : या प्रश्नाला हात घालण्यासाठी ताराबाईंनी १९४५ च्या अखेरीस डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे (तेव्हाचा ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्या सहकारी म्हणून तेथे आल्या. बालमंदिराऐवजी ‘बालवाडी’ हे साधे नाव घेतलेल्या या प्रयोगाने साधनांची कल्पना मुळापासून बदलली. शाळेत मुले येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली पाहिजे, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. अंगणात रोज नेता येईल, पावसाने भिजले तरी हळहळ वाटणार नाही आणि हरवले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा करता येईल, असेच साहित्य तेथे उपयोगी पडणार होते. म्हणून समुद्रकाठचे शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, बांबूचे तुकडे व माती ही बालवाडीची साधने झाली. मोजण्याच्या, वर्गीकरणाच्या व रंगज्ञानाच्या पाठांसाठी ती जशी उपयोगी ठरली, तशीच गोष्टीसाठीही : शिंपला होडी होऊ शकतो व पानांची टोपी राजाचा मुकुट.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि वारली मुलांमध्ये रुजले. तेथे भाषेचा प्रश्न अधिक बिकट होता. शिक्षिकेची प्रमाण मराठी व मुलांची वारली बोली यांमध्ये अंतर होते. अशा ठिकाणी मुलाच्या ओळखीची वस्तू हाच संवादाचा पहिला दुवा ठरतो. वारल्यांची गाणी, गोष्टी व परिसरातील वस्तू यांना शिक्षणात स्थान देण्यात आले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या कुरणातच भरणारी ‘कुरणशाळा’ हे येथील आणखी दोन उपक्रम होत. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हे सन्मान मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना मिळालेले ‘अंगणवाडी’ हे नाव आज देशभर रूढ आहे.

बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व येथेच आहे. स्वस्त साधन म्हणजे महाग साधनाची नाइलाजाने पतकरलेली नक्कल, ही समजूत तेथे मोडली. परिसरातील वस्तू मुलाच्या अनुभवातील असल्यामुळे ती शैक्षणिक दृष्ट्याही अधिक योग्य असते, हे तत्त्व प्रस्थापित झाले. बालवाडीची शिक्षिका चित्रकथ्याप्रमाणे सांगणारी होती, आणि मुले अंगणातल्याप्रमाणे घडविणारी होती. वर उल्लेखिलेल्या दोन धारांचा संगम तो हाच.

प्रकार व निर्मिती : बालवाड्या व अंगणवाड्यांतून रूढ झालेल्या साधनांचे स्थूलमानाने पाच वर्ग करता येतात. (१) बाहुल्या : बोटबाहुली ही कागदाच्या नळीची किंवा कापडाच्या लहान पिशवीची असते. हातबाहुली जुन्या पायमोज्यापासून सहज होते. मोज्याच्या टोकाला घडी घालून तोंड व बटणांचे डोळे करतात. काठीबाहुली म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटविलेले चित्र व त्यामागे बांधलेली कामटी. टिकाऊ मस्तक हवे असल्यास रद्दी कागद दोन-तीन दिवस भिजवून कुटतात व त्या लगद्यात मेथीची पूड किंवा खळ मिसळून आकार देतात. घरोघरी कागदी टोपल्या करण्याची जुनी रीत हीच होती. (२) मुखवटे व वेश : कागदी पिशव्या, पत्रावळी व पुठ्ठा यांचे मुखवटे करतात. अगदी लहान मुले पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मुखवट्याला भितात. म्हणून त्यांच्यासाठी कपाळावर बांधावयाची पट्टी अधिक सोयीची असते. (३) चित्रसाधने : सुटी कथाचित्रे, घडीची चित्रपट्टी व पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन काठ्यांवर गुंडाळून फिरविलेला लांब कथापट यांचा यात समावेश होतो. घोंगडीच्या किंवा लोकरी कापडाच्या फलकावर मागे तसेच कापड लावलेली चित्रे आपोआप चिकटून राहतात व गोष्टीच्या ओघात हलविता येतात. (४) छायासाधने : काळ्या कागदाच्या आकृती, धोतराचा पडदा व दिवा, तेही नसेल, तर भिंतीवर हाताच्या बोटांनी पाडलेली हरणाची, कुत्र्याची वा पक्ष्याची सावली. (५) घडीकाम : वर्तमानपत्राच्या एकाच कागदाची गोष्टीच्या ओघात प्रथम टोपी, मग होडी होते, वादळात होडीची टोके व शीड तुटले म्हणून ते भाग फाडले, की उरलेला कागद उलगडताच सदरा निघतो. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या चळवळीचे प्रवर्तक अरविंद गुप्ता यांनी अशा कागदी टोप्यांच्या गोष्टी शिक्षकांत लोकप्रिय केल्या. पुण्यातील आयुका या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

निर्मितीत सुरक्षिततेचे काही नियम पाळावे लागतात. चिंचोके, गुंजा, मणी, बटणे यांसारख्या लहान वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देत नाहीत. गुंज तर विषारी असल्याने ती पूर्णतः वर्ज्य समजावी. कामटीची टोके घासून बोथट करतात. शिसेयुक्त रंगांऐवजी हळद, गेरू, काव, चुना व कोळसा हे रंग वापरणे श्रेयस्कर असते. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी रीत मुलांच्या साहित्याबाबत टाळली पाहिजे, कारण मोरचूद विषारी आहे.

वापर : वस्तूचा अर्थ मुलाच्या मनात वस्तूपासून कसा सुटा होतो, याचे विवेचन रशियन मानसशास्त्रज्ञ ल्येव्ह व्हिगॉट्‌स्की (१८९६–१९३४) याने काठीच्या घोड्याच्या उदाहरणाने केले आहे. ‘घोडा’ ही कल्पना खऱ्या घोड्यापासून वेगळी करण्यास मुलाला आधार लागतो. काठी तो आधार पुरविते. काठी घोड्यासारखी दिसण्याची गरज नाही, ती टांगेखाली घेऊन पळता आले पाहिजे. यावरून साधनाविषयीचे एक तत्त्व निष्पन्न होते : ते जितके हुबेहूब, तितका त्याचा उपयोग मर्यादित. पोलिसाची हुबेहूब बाहुली सहसा पोलिसच राहते. चिंध्यांची गाठ मारलेली बाहुली आज आजी, उद्या वाघ व परवा आजारी बाळ होऊ शकते.

वयानुसार वापरात फरक पडतो. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी एक बाहुली व दोन-तीन वाक्यांची, पुनरुक्ती असलेली गोष्ट पुरेशी असते. चौथ्या वर्षी मुले पात्रांच्या तोंडी संवाद घालू लागतात. पाच-सहा वर्षांची मुले चित्रांचा क्रम लावून गोष्ट पुन्हा सांगतात, शेवट बदलतात आणि हवे ते साधन स्वतः करतात. सांगणाऱ्याने साधन गोष्ट संपल्यावर कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्यावे, हा अनुभवी शिक्षिकांचा संकेत आहे. कारण मुलाच्या दृष्टीने गोष्ट तेथून सुरू होते. लाजाळू किंवा घरची बोली वेगळी असलेली मुले बाहुलीच्या आडून अधिक मोकळेपणी बोलतात, असेही दिसून येते. याउलट प्रत्येक गोष्टीला साधन असलेच पाहिजे असे नाही. साने गुरुजींच्या नावे चालणाऱ्या कथामालेने केवळ शब्दांच्या बळावर असंख्य मुलांना गोष्टीची गोडी लावली. साधन शब्दाला पूरक असते. ते शब्दाची जागा घेऊ लागले, की खेळाचे प्रात्यक्षिक होते.

अलीकडील स्थिती : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानून खेळ, गोष्टी व स्थानिक खेळणी यांना औपचारिक मान्यता दिली. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला व फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, बाहुल्या, कोडी, चित्रे व गोष्टींची पुस्तके असलेली ‘जादुई पिटारा’ ही पेटी प्रकाशात आली. शिक्षकांना बाहुल्या करण्याचे व खेळविण्याचे प्रशिक्षण दिल्ली येथील सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राकडून (स्थापना १९७९) दीर्घकाळ दिले जात आहे. या मान्यतेने एक जुना प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. तयार पेटी सर्वत्र सारखी व मोजता येण्याजोगी असते, त्यामुळे ती पुरविणे प्रशासनाला सोयीचे असते. परंतु नोंदवहीत चढलेली वस्तू मोडेल, हरवेल या भीतीने कुलपात राहण्याचा संभव असतो. धाटाची गाडी मोडली तर तिचा हिशेब कोणी मागत नाही. म्हणून पेटीतील साहित्य नमुना समजून त्यावरून स्थानिक साहित्य घडविणे, हाच बोर्डीच्या अनुभवाशी सुसंगत मार्ग ठरतो. पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात, बारामती-इंदापूरच्या परिसरातही, गळीत हंगामात ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे कोप्यांतून राहतात. त्यांची लहान मुले सहा-सहा महिने आपल्या गावच्या अंगणवाडीपासून दूर असतात. अशा मुलांपाशी पेटी पोहोचेपर्यंत हंगाम संपतो. पाचट, वाढे, चिपाड व माती मात्र त्यांच्या भोवतीच असते.

घरगुती कथासाधनांचे जतन हा उपेक्षित विषय आहे. पितळी भातुकली व पिंगुळीच्या पोथ्या संग्रहालयांत पोहोचल्या. धाटाची गाडी, चिंध्यांची बाहुली व मातीचा बैल तेथे क्वचितच आढळतात, कारण ती साधने टिकण्यासाठी केलेली नव्हती. त्यांच्यातील ज्ञान वस्तूत नसून करण्याच्या रीतीत असते. ताट कोठे सोलावे, कामटी किती टोचावी, गाठ कशी मारावी ही ती रीत होय. ज्वारीचे क्षेत्र घटले, घरचे बैल गेले व जुनी लुगडी दिसेनाशी झाली, तशी ही रीत जाणणारी पिढीही विरळ होत आहे. तिच्याकडून ही रीत आजच्या मुलांनी हाताने शिकणे, हेच तिचे खरे जतन होय.